हेराल्डचा सांगाडा

बंगल्याचं पार्किंग मोटारीसाठी असतं, असा धायरीत बाकीच्यांचा समज. मच्छिंद्ररावांच्या पार्किंगमध्ये गेले पाच महिने मोटारीचा नुसता सांगाडा होता. अडुसष्ट सालची हेराल्ड. वरची बॉडी त्यांनी माणसं लावून उचलून जांभळीखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवली होती आणि खालची गंजलेली चेसिस चार लोखंडी घोड्यांवर चढवली होती. येणारेजाणारे विचारत, भंगारात देणार का? मच्छिंद्रराव म्हणत, "न्हाई, लोणचं घालणार हाय."

स्वारगेटच्या डेपोत ते छत्तीस वर्षं फिटर होते. गंज ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. वरून रंग शाबूत असला, तरी आतून पत्रा कुजलाय का, हे ते हातोडीच्या एका ठोक्यावर सांगत. चांगलं लोखंड खण्ण वाजतं, कुजलेलं बद्द. चांगल्या जागी खडूची रेघ, कुजलेल्या जागी फुली. फुलीचा भाग कापायचा आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. विद्या एवढीच, पण ती शिकायला उभा जन्म जातो, हे ते बायकोला दिवसातून एकदा तरी ऐकवत.

त्या सकाळी शेवटची तपासणी चालली होती. दुपारी गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा रंग लागणार, उद्या चार माणसं येऊन बॉडी चढवणार आणि रविवारी राजनंदिनीला, म्हणजे नातीला, घेऊन कात्रजचा घाट. इंदुबाई पायरीवर मेथी निवडत होत्या. खण्ण, रेघ. खण्ण, रेघ. बद्द, रेघ.

इंदुबाईंचा हात थांबला. माठ घेतानासुद्धा चार ठिकाणी टिचक्या मारून पाहणारी बाई ती. शिवाय पाच महिने हेच ऐकत होती. तरी आपलंच काही चुकलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग मागच्या चाकाजवळ पुन्हा बद्द वाजलं आणि पुन्हा रेघच पडली.

टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, फोनवर दोनदा हं हं करून मच्छिंद्रराव तो मुकाट्यानं इंदुबाईंच्या हातात देत होते. घरात त्यावर आता कोणी बोलत नसे. टीव्हीपुरतं असतं तर इंदुबाईंनी पुढेही चालवून घेतलं असतं. पण रंग लागला, बॉडी चढली, की ती जागा कायमची झाकली जाणार होती आणि तिच्यावर पोर बसणार होती. आणि सांगावं, तर या माणसाजवळ त्या कानाशिवाय मिरवायला दुसरं होतं काय? दोन्हीकडून त्यांचाच जीव तुटत होता.

"अवं, तितं बद्द वाजतंय," त्या म्हणाल्या. मच्छिंद्ररावांची पाठ होती. ते पुढे सरकले.

इंदुबाई उठल्या, समोर गेल्या आणि त्यांनी लोखंडावर तळवा ठेवला.

"हात काढ, लागंल हातोडी."

"हितं कुजलंय."

"तू व्हतीस का डेपोत?"

"नव्हते. पन मला ऐकू येतं."

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. मच्छिंद्ररावांनी कान अगदी लोखंडाशी नेऊन दोनदा ठोकून पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या रेघेवर दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. भुसा सांडावा तसा तपकिरी गंज त्यांच्या चपलेवर पडला.

ते तिथेच फरशीवर बसले. चपलेवरचा गंज झटकत त्यांनी विचारलं, "माज्या कानाचं कवापासनं ठावं हाय तुला?"

"दिवाळीपासनं," इंदुबाई त्यांच्या तोंडासमोर वाकून म्हणाल्या.

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. तीन येळा."

मच्छिंद्ररावांनी मान खाली घातली. इंदुबाईंना रडू येत होतं, पण त्या उभ्याच राहिल्या. मग ते उठले, फडकं ओलं केलं आणि पुढच्या टोकापासून सगळ्या रेघा पुसत निघाले. एकही ठेवली नाही. उद्याच्या माणसांना नको म्हणून सांगायचं होतं. फोन त्यांनी स्वतःच इंदुबाईंपुढे धरला.

इंदुबाईंचा फोन होईपर्यंत त्यांनी स्टूल आणून चेसिसला लावून ठेवलं होतं. "बस," ते म्हणाले.

इंदुबाई बसल्या. मच्छिंद्ररावांनी पहिला ठोका मारला आणि लोखंडाकडे न बघता ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी तिला लोखंडातलं कधी काही विचारलं नव्हतं. इंदुबाईंनी घाई केली नाही. पुन्हा एकदा ठोकायला लावलं, नीट ऐकलं.

"बद्द," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

मच्छिंद्ररावांनी निमूट फुली मारली.