कडेवरचा मष्णू

सांगायला मला आजही लाज वाटते. पण विनोद माझाच होता, तेव्हा तो सांगायलाही मीच हवा.

छत्तीस सालच्या जूनमध्ये मी निपाणीजवळच्या एका खेड्यात मराठी शाळेवर मास्तर होतो. एका सकाळी आठ-नऊ वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. कडेवर शेंबडा भाऊ. म्हणाली, "मास्तर, मला शाळंत घ्या."

मी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "शाळेला आलीस का बारशाला?"

पोरं खो खो हसली. मला आणखीच चेव आला. "आधी त्याला घरी ठेवून ये, मग बघू," म्हणून मी तिला वाटेला लावलं. घरी त्याला सांभाळणारं दुसरं कोणी आहे का, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. तो विनोद मी बायकोला सांगितला, पुढे बाजारात भेटलेल्या दोन मास्तरांनाही सांगितला. मुलीचं नाव मात्र मी विचारलंच नव्हतं.

माघात बोर्डाचं पत्र आलं. पटावर मुली फार कमी, कारण कळवा. झालं, मी फेटा बांधून दारोदार हिंडू लागलो. शेतमजुरीला जाणाऱ्या मालुबाईच्या ओट्यावर बसून मुलींच्या शिक्षणावर मी अर्धा तास तोंड वाजवलं. तिने गूळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमची रुक्मी आलती की तुमच्याकडं. मष्णूला कडंवर घिऊन."

विनोद लगेच आठवला. मुलीचा चेहरा काही केल्या आठवेना.

"उद्या पाठवा तिला," मी घाईघाईने म्हणालो. "भावासकट पाठवा. मी काही बोलणार नाही."

"आता कुठनं, मास्तर? निपाणीला वखारीत तंबाखू निवडाय जातीया. तितं पोरासकट घेत्यात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. घरी येऊन मी बोर्डाला उत्तर लिहिलं, 'पालकांची अनास्था'. खाली वळणदार सहीसुद्धा केली.

चार वर्षांनी, पुन्हा जूनमध्येच, रुक्मी मष्णूला हाताला धरून शाळेत घेऊन आली. केवढी उंच झाली होती. बोटं तंबाखूने काळपट पडलेली. मी मष्णूचं नाव पटावर लिहिलं, त्याला पुढे बसवलं. तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता, तरी म्हणालो, "आत ये बाळ, जरा बस."

ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"नगं मास्तर," ती म्हणाली. "मी आत आले की पोरं हसत्यात."