सत्तर फूट कुठे गेले?

मित्रांनो, मी एक जुना उंचीमापक आहे. पितळेची गोल डबी, काचेखाली बारीक काटा आणि पोटात हवा काढून घेतलेली पत्र्याची नाजूक कुपी. वर चढत गेलं की बाहेरची हवा हलकी होते, कुपी फुगते, काटा पुढे सरकतो आणि मी सांगतो, इतके फूट वर आलात. स्वभाव माझा पहिल्यापासून संशयी. ज्याचं पोटच हवेच्या भरवशावर, तो दुसऱ्या कुणाचा भरवसा धरणार?

व्हरमाँटमधल्या ऑल्डन प्रुइटने मला विकत घेतलं. स्कीच्या उतारावर गस्त घालायची, कुणाचा पाय मोडला तर त्याला घसरगाडीवर घालून खाली आणायचं, हे त्याचं काम. पस्तीस हिवाळे मी त्याच्या छातीच्या खिशात काढले.

आमच्या पूर्वेकडचे डोंगर बुटके. पश्चिमेकडून आलेले पाहुणे हसतात, "हा डोंगर? आमच्याकडे याला अंगण म्हणतात!" म्हणून इथे जो तो आपला डोंगर ताणून उंच करतो. माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या सरळ उंचीला इथे 'उभी उतरण' म्हणतात. कुणी ती माणसांना दोरावरून वर नेणारी लिफ्ट पोचतच नाही अशा शिखरापासून मोजतो, तर कुणी पार खाली गाड्या लावायच्या जागेपर्यंत. लांब घसरणीचं तर विचारूच नका. पाटीवर 'तीन मैलांची अखंड वाट', आणि त्यातला सव्वा मैल काठ्या टेकत स्वतःला ढकलत न्यायचा! ऑल्डनने मला घेऊन अकरा डोंगर तपासले. नऊ खोटे निघाले. लोक म्हणू लागले, "ऑल्डनचा काटा म्हणजे देवाघरची साक्ष." ते ऐकून मी फुगलो, मित्रांनो, आणि त्या फुगण्याशी हवेचा काही संबंध नव्हता.

पूर्वरंग इथे संपला. आता आख्यान ऐका.

विल्मा डेरोझिए ही बाई टॅमरॅक नावाची लहानशी टेकडी एकटीने चालवायची. रविवारी चर्चमध्ये ती वरच्या पट्टीत गायची आणि मागच्या बाकावर ऑल्डन बेसूर साथ द्यायचा. तिच्या पाटीवर लिहिलं होतं, 'उभी उतरण ८३० फूट'. शाळांच्या शर्यतीला किमान आठशे लागत. ती शर्यत त्या वर्षी प्रथमच तिच्याकडे येणार होती. ती आली नाही, तर टेकडी कायमची बंद करायची असं तिने मनाशी ठरवलं होतं. शर्यतीच्या समितीने तपासणीला धाडलं ऑल्डनला.

वादळ नुकतंच ओसरत होतं. टेकडीच्या पायथ्याशी, विल्माच्या दाराच्या पायरीवर ऑल्डनने माझा काटा शून्यावर लावला. लिफ्टवरचा बर्फ काढणं चालू होतं.

"आत ये, आधी खा," विल्मा म्हणाली. "उपाशी माणूस कमीच मोजतो."

"लाच देतेस?"

"डोनटची? एवढीच किंमत असेल तुझी, तर आणखी दोन घे!"

दीड तास तो शेगडीपाशी बसला. बाहेर आभाळ निवळलं, मागून थंड, जड हवा आली. माझी कुपी दबू लागली, काटा हळूहळू मागे सरकला. मला ते जाणवत होतं. पण खरं सांगतो, त्या पाटीचा मला आल्यापासूनच संशय होता.

माथ्यावर ऑल्डनने मला बाहेर काढलं. सातशे साठ!

"दहावा खोटा," तो पुटपुटला. त्याचा चेहरा उजळला होता.

खाली येऊन तो तडक फोनकडे गेला आणि समितीच्या अध्यक्षांना आकडा कळवून मोकळा झाला. मग वळून म्हणाला, "सत्तर फूट कुठे गेले, विल्मा?"

ती ओट्याशी उभी होती. हातातलं फडकं तिने खाली ठेवलं.

"दुसऱ्या डोंगरांवर तू खाली उतरून काटा परत शून्यावर येतो का ते बघतोस म्हणे. इथे बघितलंस?"

"गरज काय त्याची?"

"तुला नसेल. मला आहे."

तो चरफडत एकटाच बाहेर आला. त्याच पायरीवर त्याने मला तळहातावर धरलं. काटा शून्यावर हवा होता. तो शून्याच्या सत्तर फूट मागे होता. म्हणजे माथ्यावरही मी सत्तर फूट कमीच दाखवले होते; टेकडी पुरी आठशे तीस भरत होती. मधल्या वेळात बदलली होती ती हवा.

त्याचा अंगठा माझ्या खिट्टीवर आला. एक पीळ, की काटा शून्यावर. कुणाला काही कळलं नसतं. ज्या माणसावर मी कधीच संशय घेतला नव्हता, त्याच्यावर त्या क्षणी घेतला. अंगठा बराच वेळ तिथेच होता.

मग तो उचलला गेला. ऑल्डन आत गेला आणि त्याने मला विल्मासमोर धरलं. तिने वाकून पाहिलं.

"म्हणजे टेकडी होती तिथेच आहे," ती म्हणाली आणि तिने फडकं पुन्हा उचललं.

ऑल्डनने पुन्हा फोन लावला. "आठशे तीस. पाटी खरी आहे." पलीकडून अध्यक्षांनी विचारलं, "काटा बिघडला का रे?"

"नाही हो. काटा खाली आल्यावर सगळं सांगणार होता. आकडा मनासारखा आला, म्हणून मीच विचारलं नाही."

मित्रांनो, आता मी गस्तघरातल्या फळीवर धूळ खात पडलो आहे. येणारे-जाणारे काचेवर टिचक्या मारतात. तेवढं करू नका, कुपी नाजूक असते. संशय मात्र खुशाल घ्या, जगात खोट्या पाट्या पुष्कळ आहेत. पण माथ्यावर उभं राहून दुसऱ्याला मोजलंत, तर पायथ्याशी उतरून स्वतःलाही एकदा मोजा. आणि आकडा मनासारखा आला असेल, तर दोनदा.