खाली कर

माझ्या भावानं गाडीसाठी कॉइलओव्हर मागवले, हे मला रिकाम्या खोक्यावरून कळलं. ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या ऑफिसातून संध्याकाळी घरी आले, तर बाहेरच्या खोलीत खोकं फाडून पडलेलं आणि पुष्कर आणि त्याची बायको गरिमा चारी नग सतरंजीवर मांडून कौतुकानं बघत बसलेली. निळ्या रंगाची जाड स्प्रिंग, तिच्या पोटात शॉकर, आणि गाडी हवी तेवढी बुटकी करता यावी म्हणून फिरवायची चकती.

"ताई, बघ काय आलंय!" पुष्कर म्हणाला.

मी "छान आहे" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. त्या चहात साखर घालायची विसरले, आणि त्या दोघांनी तो तसाच पिऊन टाकला. बोलण्यात इतके गुंग होते की त्यांना कळलंही नाही.

आठ महिन्यांपूर्वी असं काही मागवायचं असतं, तर पुष्करनं आधी महिनाभर माझं डोकं खाल्लं असतं. पंधरा वर्षांपूर्वी आई-बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. मी चाळिशीची, तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. रविवार म्हणजे गाडी, हे ठरलेलंच. मला गाडी चालवता येत नाही, पण ती उघडलेली मी इतकी बघितली आहे की कुठल्या नटाला कुठला पाना लागतो ते सांगेन. पुष्कर गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचा, आणि त्यानं मागायच्या आत चौदाचा पाना मी त्याच्या हातात ठेवलेला असायचा. शेजारच्या उषाताईंनी माझ्यासाठी दोन स्थळं आणली होती. दोन्ही वेळा मंडळी रविवारी येणार म्हणाली, आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं. हे आता सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग गरिमा आली. मराठ्यांची मुलगी, पण घरात चार पिढ्यांची हिंदी. तिचे वडील जयसिंहराव छाती फुगवून "हम तो मराठे हैं जी" असं हिंदीतच सांगतात. गरिमा मालनपूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर देते हिंदीत. पुष्कर तिच्याशी दिवसभर हिंदीच बोलतो. माझ्याशी मराठी बोलतो, पण हल्ली त्या मराठीलाही तिच्या घरचा वास यायला लागला होता. तिच्यात काहीतरी खोट काढायचा मी फार प्रयत्न केला. एकही सापडली नाही, आणि त्याचा राग वेगळा.

मला तिचा हेवा वाटत होता. उगाच गोडगोड बोलण्यात अर्थ नाही. पोटात दुखत होतं माझ्या.

कॉइलओव्हर घरीच बसवायचे ठरले, तेव्हा मी त्या रविवारी लवकर आंघोळ करून, जुना सलवार-कुडता घालून अंगणात हजर झाले. थंडीचे दिवस, ऊन नुकतंच गाडीवर आलेलं. गाडीचा पुढचा भाग दोन लोखंडी घोड्यांवर टेकवलेला होता आणि पुढची दोन्ही चाकं काढलेली.

"ताई, तू बसून जा ना," पुष्कर म्हणाला, "का परेशान होतेस? गरिमा करून घेईल." आणि त्यानं माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली.

खुर्ची पाहुण्यांना देतात. मी बसले. दाना ओलीतल्या दुकानातून आणलेली बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी खाल्ली आणि समोर बघत राहिले.

पहिल्या बाजूला तीन तास गेले. जुन्या शॉकरचा नट गंजून बसला होता. पुष्कर त्याच्यावर लोंबकळला, गरिमानं पान्याला पाइप जोडून पाय दिला, आणि नट सुटल्यावर दोघं पोरांसारखी ओरडली. मध्येच पुष्करनं गाडीखालून हात बाहेर काढला. मी खुर्चीतून उठेपर्यंत गरिमानं त्या हातात पाना ठेवला. बरोबर तोच, सतराचा.

"थँक यू, यार," आतून आवाज आला.

पंधरा वर्षांत त्यानं मला कधी थँक यू म्हटलं नव्हतं. आपल्या माणसाला म्हणायचं नसतं, असं मी आजवर समजत होते. मग हिला का म्हटलं? आणि म्हटलं तर इतकं लाडात?

दुसऱ्या बाजूला गाडं अडलं. नवा शॉकर वरून बसला, पण त्याचं खालचं टोक चाकाच्या हबला जोडायचं होतं, आणि दोन्हीची भोकं एकमेकांसमोर येत नव्हती. गरिमानं हबखाली जॅक लावून तो थोडा थोडा वर उचलायला सुरुवात केली. पुष्कर मडगार्डात डोकं घालून भोकं जुळली का बघत होता.

"और थोड़ा... और... बस! बोल्ट दे."

बोल्ट श्रीखंडाच्या जुन्या डब्यात डिझेलमध्ये भिजत पडले होते. गरिमा जॅक सोडून डब्याकडे वळली आणि मी खुर्चीतून उठले. "तू बोल्ट बघ, मी धरते," म्हणत जॅकचा दांडा हातात घेतला.

"आराम से, ताई," ती म्हणाली. "बस पकड़े रहिए."

म्हणजे आता मला ही शिकवणार! तेरा वर्षं हाच जॅक मी धरला आहे. दांडा डावीकडे पिळला की तो खाली येतो, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

पुष्करनं भोकं नीट जुळली का हे चाचपायला त्यात बोट घातलं होतं. गरिमा काळ्याकुट्ट डिझेलमध्ये बोटांनी बोल्ट शोधत होती.

"मिल नहीं रहा, पुष्कर. बहुत सारे हैं इसमें."

"अरे, तो खाली कर दे ना!"

मी जॅक सोडला.

हब चार बोटं खाली आला आणि पुष्कर "आई गं!" म्हणून किंचाळला. ओरडला मात्र मराठीत. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणीही ते माझ्या ध्यानात आलं. गरिमानं डबा फेकला, माझ्या हातातून दांडा हिसकावला, दोन झटक्यांत हब वर घेतला आणि त्याचं बोट सोडवलं. मी नुसती उभी होते. फरशीवर डिझेल आणि रक्त.

गाडी घोड्यांवर चढलेली, म्हणून रिक्षानं बाड्याच्या चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेलो. हाड वाचलं होतं. मधल्या बोटाचं नख गेलं, चार टाके पडले. डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं. गरिमाच बोलली.

"भाषा का चक्कर हो गया, डॉक्टर साहब. इन्होंने मुझसे कहा डिब्बा खाली कर दे. ताई मराठी में समझीं, कि जॅक नीचे करना है."

डॉक्टर हसले. नर्स हसली. पुष्करसुद्धा हसला, आणि मग मीही हसले. किती सोयीची गोष्ट होती! संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत ती पोचणार आणि वर्षभर प्रत्येक लग्नात सांगितली जाणार, हे मला दिसत होतं.

पण मी ग्वाल्हेरात जन्मले आहे. चाळीस वर्षं दूधवाला रोज सकाळी दारात "दीदी, भगोना खाली कर लाओ" म्हणून ओरडतो, आणि मी एकदाही दुधाचं भगोनं जमिनीवर ठेवलेलं नाही. हिंदीतलं रिकामं करायचं खाली कुठलं आणि मराठीतलं कुठलं, हे झोपेतही सांगेन. तो डब्याबद्दल बोलतोय हे मला कळलं होतं. तिच्याशी बोलतोय हेही कळलं होतं. त्याला लागावं असं माझ्या मनात नव्हतं, हे देवाशपथ खरं. पण त्यानं काहीतरी करायला सांगितलं होतं आणि तिच्या आधी ते मला करायचं होतं. माझ्या हातात जॅक होता, म्हणून मी जॅक खाली केला.

औषधं आणायला गरिमा समोरच्या दुकानात गेली. आम्ही दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलो होतो. पुष्करचा चेहरा पांढरा पडला होता, बोटाला एवढं मोठं पांढरं बांधलेलं. मला रडू फुटलं. थांबेना.

"ताई, रडू नको ना," तो म्हणाला. गरिमा तेवढ्यात पिशवी घेऊन परत आली होती. "तुझी काहीच गलती नाही. मी तुझ्याशी बोलतच नव्हतो."

"माहीत होतं मला," मी म्हटलं.

"हां, तेच तर मी म्हणतोय," पुष्कर म्हणाला, आणि चांगल्या हातानं माझी पाठ थोपटत राहिला. त्याला काही कळलं नाही.

गरिमा पिशवीतून गोळ्या काढत होती, ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही नजर चुकवली नाही. सगळं कळलं होतं तिला, अगदी खुर्चीपासून. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलली असती तर मी नाही म्हणाले नसते. पण तिनं पाण्याची बाटली उघडली, आधी मला दिली, आणि माझं पिऊन होईपर्यंत तशीच समोर उभी राहिली. मग पुष्करला गोळी दिली. त्याला तिनं काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

पंधरा वर्षांत माझ्या मनातलं असं न सांगता कुणी ओळखलं नव्हतं, आणि हे माणूस आता जन्मभरासाठी त्याचं होतं. त्या बाकावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदाच पुष्करचा हेवा वाटला.