पहिले कथील

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पळी आहे. आमटीची पळी नव्हे; माझ्या तोंडात आमटीचा थेंबही कधी पडलेला नाही. वर्षातून एकदा, डिसेंबरच्या शेवटच्या संध्याकाळी, माझ्यात कथील वितळवतात आणि ते थंड पाण्यात ओततात. पाण्यात गोठून जो वेडावाकडा गोळा होतो, तो मेणबत्तीसमोर धरायचा, भिंतीवर पडलेली त्याची सावली पाहायची आणि येणारे वर्ष कसे जाईल ते सांगायचे, अशी आमच्या फिनलंडमधली रीत. बाकी सारे वर्ष मी स्वयंपाकघराच्या खणात पडून असते. इतक्या थोड्या कामाच्या वस्तूने स्वतःची कहाणी सांगायला बसावे, हे माझे मलाच धिटाईचे वाटते. पण मी एक गोष्ट पाहिली आहे. ती पाहिलेली माणसे आता फारशी उरली नाहीत, म्हणून बोलते.

हौकिसाल्मी गावात नदीच्या वळणावर कागदाची गिरणी होती. तिथल्या ओन्नी लोहाराने जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यातून मला ठोकून काढले. बर्चच्या लाकडाची मूठ बसवली. माझी चोच त्याच्याकडून उलट्या बाजूला वळली. कुणीतरी हसले, तेव्हा तो म्हणाला, "मुद्दाम केलंय. नवरदेव डावरा आहे."

नवरदेव म्हणजे अर्मास. त्याच्या आणि हिल्क्काच्या लग्नात मी आहेर म्हणून गेले. उजव्या हाताच्या माणसाला माझ्यातून नीट ओतताच येत नसे, त्यामुळे त्या घरात कथील ओतायचे काम कायमचे अर्मासकडे आले. आणि ओतणाऱ्यानेच सावलीही वाचायची, असे आपोआप ठरून गेले.

दरवर्षी त्या संध्याकाळी शेजारचा एवर्ट आणि त्याची बायको सिल्वी येत. अर्मास आणि एवर्ट गिरणीत एकाच यंत्रावर होते. त्या यंत्राला सगळे नुसते 'तीन नंबर' म्हणत. त्यावर वर्तमानपत्राचा कागद निघायचा. आधी चौघे अंगणातल्या लाकडी सॉनात बसून वाफ घेत. मग लालबुंद चेहऱ्यांनी टेबलाभोवती जमत. सॉसेज, बटाट्याचे सॅलड आणि कॉफी झाली की मी चुलीवर चढायची.

इतर घरांत आधी घरच्या माणसांचे भविष्य पाहत. आमच्याकडे आधी जगाचे. पहिले कथील यंत्राचे, दुसरे सरकारचे, तिसरे गाण्याचे. गाण्याचे म्हणजे युरोपातल्या सगळ्या देशांची दरवर्षी जी स्पर्धा होते, तिचे.

अर्मासची भाकिते फार खरी ठरत असे मी म्हणणार नाही. एकदा तो म्हणाला होता, "खिशातले फोन काही चालायचे नाहीत. हौकिसाल्मीत माणूस फोन करणार कुणाला? खिडकीतून हाक मारली तरी ऐकू येतं." पुढच्याच वर्षी हिल्क्काने त्याला असा फोन आणून दिला आणि तो सॉनातही घेऊन बसू लागला. सरकारच्या कथिलात त्याला एकदा भूछत्र दिसले. "हे सरकार एका पावसात उगवेल, आणि खाल्ल्यावरच कळेल विषारी आहे ते." गाण्याच्या सावलीत मात्र खेकडा दिसो की किटली, तो एकच सांगे, "यंदाही शेवटून पहिले." आणि हे बहुतेक खरे ठरे. सगळे हसत. माझे ते दिवस कौतुकाचे होते. हिल्क्का मला पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची.

मग ती संध्याकाळ आली.

एवर्टला राउमाच्या बंदरात नोकरी मिळत होती. सिल्वीच्या भावाने ती बोलून ठेवली होती. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हो किंवा नाही कळवायचे होते. सिल्वीला जायचे होते. एवर्टला काय हवे होते, ते त्याचे त्यालाच कळत नव्हते. गिरणीत कुजबुज चालू होती की तीन नंबर थांबवणार. पण तशी कुजबुज आधीही झाली होती. आणि नदीकाठच्या माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कुणी समुद्राकाठी चल म्हटले, तर त्याचा पाय चटकन निघत नाही.

"आधीच सांगून ठेवते," सिल्वी म्हणाली, "कथील काहीही म्हणो, मी खोकी भरायला घेतलीत."

"खोकी कशाची आहेत?" अर्मासने विचारले.

"कशाची असणार, पुठ्ठ्याची."

"बघ. म्हणजे कागद लागतो लोकांना."

"पुठ्ठा लागतो. तुमच्या तीन नंबरचा कागद नाही लागत. माझा भाऊ सकाळच्या बातम्या पडद्यावर वाचतो."

"त्याला म्हणावं, त्या पडद्यात मासा गुंडाळून दाखव."

"मासाही त्याला प्लास्टिकमध्ये मिळतो, अर्मास. तू शेवटचा दुकानात कधी गेला होतास?"

हिल्क्का हसली. एवर्ट हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. माझ्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचे कथील होते. ते कडेने ढिले झाले, वाकले आणि एकदम पाण्यासारखे झाले.

"बोलणी पुरे," हिल्क्का म्हणाली. "कथील जळेल."

अर्मासने मला उचलले आणि बर्फाच्या पाण्याच्या बादलीत एका झटक्यात ओतले. चर्र आवाज आला. वाफ विरली. बादलीच्या तळाशी गोळा नव्हता. नुसता चुरा होता.

मित्रांनो, कथील अखंड आले तर चांगले, तुटले तर वाईट, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तीन नंबरच्या कथिलाचा चुरा त्याआधी कधी झाला नव्हता. सिल्वीने कॉफीचा कप खाली ठेवला. एरवी तिने टोमणा मारला असता; या वेळी ती बादलीत वाकून पाहू लागली.

"तुझा हात हलला," एवर्ट म्हणाला.

अर्मासने आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. "नाही रे. नाही हलला."

"हलला. मी पाहिलं ना."

एवर्टने बाही वर सारली, बादलीत हात घातला आणि तो चुरा वेचून वेचून माझ्यात टाकला. मी अजून तापलेली होते.

"पुसून तरी टाक," हिल्क्का ओरडली. "उडेल."

तोवर उशीर झाला होता. ओल्या चुऱ्यातले पाणी तडतडले आणि कथिलाचा एक थेंब उडून अर्मासच्या मनगटावर बसला. त्याने दात आवळले, पण मला सोडले नाही.

दुसऱ्यांदा ओतले तेव्हा एकच गोळा आला. अर्मासने तो मेणबत्तीसमोर धरला. भिंतीवर एक डाग पडला. त्यात काहीच नव्हते. त्याने गोळा थोडा फिरवला. तरी काही नाही. मग त्याने एवर्टच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती नजर मला चुलीवरूनही दिसली. सॉनाच्या बाकावर इतकी वर्षे शेजारी बसलेला माणूस समोर होता. तो गेला तर त्या बाकावर कोण बसणार? अर्मासने गोळा आणखी एकदा फिरवला, उभा धरला, आणि म्हणाला, "धुराडं."

"कुठे?" सिल्वीने विचारले.

"हे काय. आणि हा वर निघालेला धूर."

"मला बाटली दिसते."

"धुराडंच आहे," एवर्ट म्हणाला. "स्वच्छ दिसतंय."

त्यानंतर सरकारचे कथील ओतले, गाण्याचे ओतले. अर्मास म्हणाला, "शेवटून पहिले." पण कुणाचे लक्ष नव्हते. एवर्टने दोनदा सॅलड वाढून घेतले. आठवड्याच्या आत त्याने राउमाला नाही म्हणून कळवले.

मार्चमध्ये राजधानीहून कंपनीचा एक माणूस आला. गिरणीच्या खानावळीत त्याने सगळ्यांना बसवले, दिवे मालवले आणि भिंतीवर आकृत्या दाखवल्या. अर्मास घरी येऊन हिल्क्काला सांगत होता, तेव्हा मी खणातून ऐकले. "त्यानेही भिंतीवर सावल्याच टाकल्या गं," तो म्हणाला. "फक्त त्याने एकही फिरवून दाखवली नाही."

मे महिन्यात तीन नंबर थांबले, आणि त्याच्यासोबत गिरणीही. शेवटची कागदाची गुंडाळी निघाली तेव्हा अर्मास आणि एवर्ट तिच्या दोन बाजूंना उभे होते. त्याच महिन्यात आमचा देश त्या गाण्यांच्या स्पर्धेत चक्क पहिला आला. राजधानीत लोक चौकात नाचत होते. आमच्या स्वयंपाकघरातला टीव्ही हिल्क्काने बंद केला. "एकदाच शेवटून पहिले आलो नाही," ती म्हणाली, "आणि तेही याच वर्षी."

राउमाची जागा तोवर भरली होती. सिल्वी आपली खोकी घेऊन एकटीच गेली. एवर्ट घर विकून मागून जाणार होता, पण गिरणी बंद पडलेल्या गावात घर घेणार कोण? आधी तो म्हणायचा उन्हाळ्यात जाईन, मग म्हणायचा बर्फ पडायच्या आत. पुढे त्याने म्हणणेच सोडले. तो गावातल्या दारूच्या अड्ड्यावर बसू लागला. सिल्वीला भिंतीवर बाटली दिसली होती, ते मला पुष्कळदा आठवले.

अड्ड्यावरूनच गावात पसरले की अर्मासने कथील दुसऱ्यांदा ओतले आणि एवर्टला बुडवले. एवर्ट असे म्हणाला की लोकांनी त्याच्या तोंडी घातले, मला ठाऊक नाही. तो सॉनात यायचा बंद झाला, एवढे खरे. लोक अर्मासला रस्त्यात टोकत, "काय भविष्यवाले, यंदा कुणाला थांबवणार?"

हिल्क्का संतापायची. "सांगून टाक ना त्यांना, चुरा कुणी वेचला ते."

"आणि फिरवलं कुणी?" अर्मास म्हणायचा. त्यापुढे ते बोलणे कधी गेले नाही.

त्यानंतर मला कुणी बाहेर काढले नाही. तेलाचा हात नाही, चूल नाही. माझ्या पोटाला गंज चढला. हिल्क्का वारली, तेव्हा खण उघडला तो फक्त पाहुण्यांसाठी चमचे काढायला. मुलगी मार्युक्का शहरातून यायची आणि मला पाहून म्हणायची, "बाबा, ही टाकून दे. त्या कथिलात शिसं असायचं, माहीत आहे ना? आता दुकानात तसल्या कथिलाच्या नाला मिळतही नाहीत." अर्मास मान हलवायचा आणि खण लावून टाकायचा.

तीन नंबर सुटे करून जहाजाने कुठेतरी दूर देशी विकले. आता त्या इमारतीत कुणा परदेशी कंपनीची संगणकांची कपाटे आहेत. ती तापतात आणि नदीचे गार पाणी त्यांना थंड करते. आत माणसे अगदी मोजकी. म्हणे ती कपाटे लोकांना पुढच्या वर्षी काय होईल ते सांगतात: कोण निवडून येईल, कोणते गाणे चालेल, कोणते यंत्र बंद पडेल. गार पाणी आणि भविष्य. हे ऐकून मला वाटले, ही तर माझीच धाकटी भावंडे. त्यांच्यात चुरा झाला तर वेचून परत टाकणारा कुणी असतो की नाही, मला ठाऊक नाही.

एका डिसेंबरात कळले की एवर्टची फुप्फुसे संपत आली आहेत आणि त्याला म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात ठेवले आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्मासने मला कोटाच्या खिशात घातले. सोबत कथिलाची एक जुनी नाल, हिल्क्काने कधीतरी जपून ठेवलेली. खोलीत विस्तव चालत नव्हता. म्हणून परिचारिकेने एवर्टला घोंगडी गुंडाळून चाकांच्या खुर्चीतून मागच्या ओसरीत आणले. तिसऱ्या प्रहरीच उजेड संपत आला होता. अर्मासने प्रवासातला छोटा स्टोव्ह पेटवला. बादलीत बर्फ होता.

"मेला नाहीस अजून," एवर्ट म्हणाला.

"तुझी वाट बघतोय."

"फार नाही बघावी लागणार." तो खोकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गंजलीय."

"मीही."

कथील वितळले. अर्मासचा हात आता खरोखरच थरथरत होता. एवर्टने घोंगडीतून हात काढून त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मला कलती केली. चर्र झाले. बादलीत पुन्हा चुराच.

अर्मास लगबगीने वाकला. "हात हलला माझा. थांब, परत ओतू." त्याने बोटे पाण्यात घातली, तोच एवर्टने त्याचे मनगट धरले. नेमके तेच मनगट, भाजल्याच्या डागाचे.

"राहू दे," तो म्हणाला. "ते काम मी एकदा केलंय."

बराच वेळ त्याने ते मनगट सोडले नाही.

"दुखतं का अजून?"

"थंडीत."

"इथे थंडीच असते," एवर्ट म्हणाला. मग बादलीकडे हनुवटी करून त्याने विचारले, "काय दिसतंय?"

अर्मासने मेणबत्ती आणली होती. त्याने ती पेटवली नाही. "चुरा आहे," तो म्हणाला.

एवर्टने मान डोलावली. मग म्हणाला, "आणि गाण्याचं?"

"शेवटून पहिले."

तेव्हा तो हसला, आणि हसता हसता इतका खोकला की परिचारिका धावत आली.

नदीवरचा बर्फ फुटायच्या आत एवर्ट गेला. अंत्यविधीला सिल्वी राउमाहून आली होती. ती अर्मासच्या शेजारी उभी राहिली, असे त्याने घरी आल्यावर खण उघडून मला सांगितले. आता सांगायला त्याला दुसरे कुणी नाही.

मित्रांनो, कथिलाला काही कळत असेल असे मला वाटत नाही. पाणी फार गार असले, किंवा वरून ओतले, तर चुरा होतो. एवढेच त्यातले शहाणपण. पण त्या पहिल्या चुऱ्याकडे पाहून एवर्टला जी भीती वाटली, ती खरी होती. तिचे ऐकायला हवे होते. मी गंजकी पळी, तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार नाही. तरी एवढे मागते. भविष्य पाहायचेच असेल तर खुशाल पाहा, पण पहिले ओतलेले मोजा. दुसऱ्यांदा ओतलेले तुमच्या मनासारखे असते, म्हणूनच ते काही सांगत नाही. आणि माझ्यासारखी एखादी पळी घरात असेल तर ती कोरडी ठेवा. ओल्या पळीतले कथील ज्याने ओल आणली त्याच्यावर उडत नाही. ज्याच्या हातात पळी असते त्याला पोळते.

ओसरीवरच्या त्या संध्याकाळचा चुरा अर्मासने रुमालाने टिपून कोरडा केला आणि माझ्यातच ठेवून दिला. तो अजून माझ्या पोटात आहे. उद्या अर्मासही जाईल, मग मार्युक्का हे घर रिकामे करील, आणि खणात मी कुणाच्या तरी हाताला लागेन. त्या माणसाला माझी एकच विनंती आहे. मला फेकून दिलेत तरी चालेल. तो चुरा तेवढा वितळवू नका.