काथ्याने शिवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. हॅम्बर्गच्या एका संग्रहालयात राहते. प्रशांत महासागरातलं एक चिमुकलं बेट हे माझं माहेर. नीरफणसाच्या लाकडातून मला घडवलं. माझ्या अंगात एकही खिळा नाही! फळ्या काथ्याने शिवलेल्या आणि बाजूला तोल सांभाळणारी उलांडी. भरसमुद्रात मी पाखरासारखी धावायचे. पुढे एका जर्मन व्यापाऱ्याने मला जहाजात घालून इथे आणलं. त्यालाही शतक लोटलं. लोक येत, पाटी वाचत आणि पुढच्या दालनात जात.

गेल्या वर्षी माझ्या बेटावरून तेरीना आली. होड्या बांधणाऱ्या घराण्यातली. माझी देखभाल करणाऱ्या अरुंधतीताई मूळच्या पुण्याच्या. त्यांची लेक अन्वीही त्या दिवशी सोबत होती.

तेरीना म्हणाली, "समुद्र आमच्या विहिरींत शिरलाय. पाणी खारट झालं, नीरफणस वाळले. होडीपुरतं एकच खोड आम्ही राखलंय. पण शिवण घालणारे आजोबा गेले. आतली गाठ कुणालाच येत नाही." माझ्यावर हात ठेवताच तिला रडू कोसळलं.

"वारुम वाइन्ट झी?" अन्वीने हळूच विचारलं.

"का रडतेय? अगं, तिच्या घरची होडी आहे ही," ताई म्हणाल्या.

गाठ पाहायची तर ती सोडावी लागणार होती. "दोर तुटला तर?" संग्रहालयाच्या प्रमुखांनी विचारलं.

"जबाबदारी माझी," ताई म्हणाल्या. "नुसती सांभाळून ठेवायची आणि तिच्याच माणसांना शिकू द्यायचं नाही, याला काय अर्थ?"

परवानगी मिळाली. वाफ देऊन ताईंनी काथ्या मऊ केला आणि एकेक पेड उलगडला. मी जीव मुठीत धरून होते. पण दोर तुटला नाही! तेरीनाने गाठ शिकून घेतली आणि सोबत आणलेल्या नव्या काथ्याने माझी शिवण स्वतः घातली.

परवा ताईंनी माझ्यापुढे फोन धरला. माझ्या बेटाजवळ एक नवी होडी शीड फुगवून चालली होती. वल्हं तेरीनाच्या हातात.

"गेनाऊ! अगदी हिच्यासारखी!" अन्वी ओरडली.

या संग्रहालयात माझ्याहून देखण्या वस्तू खूप आहेत. पण एवढ्या म्हातारपणी लेकीचं तोंड पाहिलेली मी एकटीच!

मित्रांनो, तुमच्या गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराने जग तापतंय, समुद्र वर चढतोय. तो धूर कमी करा. माझी लेक रोज पाण्यावर जाते. संध्याकाळी तिला टेकायला किनारा उरू द्या.