सवतीची किंमत

ही हकिगत मी आजवर सतरा ठिकाणी सांगितली आणि सतराही ठिकाणी लोकांनी मला वेड्यात काढलं. तुम्हीही काढाल, काढा बापडे. पण जे झालं ते झालं, त्यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

एक बाई शाळेच्या कचेरीत कारकून होती. तिच्याकडे मास्तरांची हजेरी. कोण किती वाजून किती मिनिटांनी आला, कोणाच्या पोटात दर सोमवारीच का दुखतं, सगळं तिच्या मस्टरमध्ये. म्हणून सगळी शाळा तिला मस्टरबाई म्हणे. खुद्द हेडमास्तरांना दोन मिनिटं उशीर झाला तर ते मागच्या भिंतीवरून उडी मारून खिडकीतून वर्गात शिरत, पण मस्टरबाईच्या टेबलावरून जायची त्यांची छाती होत नसे.

तिचा नवरा कवळ्या बनवायचा. हाताला असं कसब की गिऱ्हाइकाचा डोळा लागला तरी कवळी एकटीच जागी राहून तोंडातला घास चावून संपवी. असो, ती गोष्ट वेगळी.

माणूस निर्व्यसनी, शब्दानं गरीब. संसारात एकच खडा. दारात उभी असायची डाळिंबी रंगाची गाडी.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण कवळीवाल्यानं बायकोला 'अगं'च्या पुढे कधी हाक मारली नव्हती. गाडीला मात्र आणल्या दिवशीच नाव मिळालं, राणी. सकाळी उठला की चहाच्या आधी राणी. थंडी पडली की राणीला पांघरूण. बायकोच्या वाढदिवसाला त्यानं एकदा रंगीत कागदात बांधून भेट आणली. बाईनं घाईघाईनं उघडली, तर आत गाडीची काच पुसायचं पिवळं फडकं! वर म्हणतो, "अगं, दोघींना उपयोगी पडेल."

दोघींना! त्या एका शब्दावर बाई अकरा दिवस जळत होती. दुसऱ्या बायकांना नवऱ्याच्या कॉलरवर लिपस्टिक सापडते, हिला पॉलिशचे डाग सापडायचे. भांडावं तर कोणाशी? सवत माणूस असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

मग बाईनं तिला जे येत होतं तेच केलं. राणीचं मस्टर घातलं. शाळेतलंच, जाडजूड, सातशे पानांचं. तारीख, वेळ, तपशील आणि शेवटच्या रकान्यात गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर. बाकीच्या बायका नवऱ्याचे खिसे तपासतात, ही रोज संध्याकाळी खाली उतरून मीटर वाचायची. आज हा तिला घेऊन कुठवर गेला होता, हे कळायला नको? आणि मस्टर म्हटलं की महिनाअखेर सही आलीच. विजेच्या बिलाबरोबर ती पान पुढे करायची. कवळीवाला जन्मात कधी कागद वाचून सही करत नसे, तो करून मोकळा व्हायचा. ते धूड ती जाईल तिथे पिशवीतून न्यायची. न जाणो, त्या भवानीबद्दल काही नवीन कळलं तर लगेच टिपून घेता यावं. बसचा कंडक्टर मस्टरचं अर्धं तिकीट फाडायचा, इतकं ते जाड.

अशी चौदा वर्षं गेली. आणि एका दुपारी शेजारच्या बांधकामाची तीन मजली भिंत राणीच्या अंगावर आली. राणी इतकी चपटी झाली की गॅरेजवाल्यानं शटर वर घेण्याची तसदीच घेतली नाही, फटीतून आत सरकवली.

कवळीवाला तीन दिवस जेवला नाही. बाई तोंडानं "अरेरे" म्हणत होती, पण आत नुसत्या उकळ्या फुटत होत्या. चौथ्या दिवशी विमा कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा ती ठेवणीतले कपडे घालून नवऱ्याआधी दारात हजर. सवतीची किंमत किती लागते, ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. जितकी कमी, तितकी गोड.

कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, साखळीनं बांधलेला पाण्याचा ग्लास. टेबलामागे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान ठरवणारा माणूस. वय चाळिशीचं, टाय ढिला, समोर कॉम्प्युटर.

"साहेब, गाडी टोटल लॉस," तो म्हणाला. "दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर जातोय. तेव्हा कंपनी तुम्हाला बाजारभाव देणार. बावन्न हजार. इथे सही करा."

बाईच्या जिवाला असा थंडावा वाटला म्हणून सांगू! बावन्न हजार! एवढ्यात धड फ्रिज आणि सोफा येत नाही. कवळीवाल्यानं नाक पुसलं आणि सवयीनं पेन उचललं.

"बरं झालं सुटलात," सर्व्हेअर समजुतीच्या सुरात म्हणाला. "खरं सांगू का, भंगारच होती हो ती."

इथे घोटाळा झाला. भंगार हा शब्द बाईच्या कानात शिरला आणि काट्यासारखा रुतून बसला. भंगार? म्हणजे चौदा वर्षं आपण भंगारावर जळलो? जिच्यापायी आपला चहा दुसरा, आपली तब्येत दुसरी, आपला वाढदिवस दुसरा, ती जर बावन्न हजारांची, तर तिच्या मागे दुसऱ्या नंबरावर उभी असलेली बाई कितीची? लोक काय म्हणतील, हिच्या नवऱ्यानं हिला एका डब्यापुढे मोजलं नाही?

"पेन खाली ठेवा," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"खाली ठेवा म्हणते ना! अहो साहेब, हे बावन्न हजार आले कुठून?"

"बाई, ते सिस्टीम काढते."

"आणि सिस्टीमला कोण सांगतं? वळवा तो पडदा इकडे."

हेडमास्तरांना खिडकीतून पळवणारा आवाज तो. सर्व्हेअरनं मुकाट्यानं पडदा वळवला. बाईनं चष्मा चढवला.

"स्थिती खराब. कोणी लिहिलं?"

"मी. हा फोटो बघा की!"

"हा भिंत पडल्यानंतरचा फोटो. मढ्याची नाडी बघून माणसाची तब्येत लिहिता होय? भिंत पडायच्या आदल्या क्षणी गाडी कशी होती ते सांगा. विमा त्या गाडीचा होता, या फोटोतल्या पत्र्याचा नव्हे. आणि हे काय? किलोमीटर दोन लाख दहा हजार?"

"मीटरचा चुरा झालाय. मग आम्ही वर्षाला पंधरा हजार धरतो. चौदा वर्षांचे तेवढेच होतात."

"धरता! माझ्या शाळेत मी धरते का, की मास्तर आले असतील म्हणून?"

"पुरावा असेल तर दाखवा, बदलतो," सर्व्हेअर वैतागून म्हणाला. त्याला काय ठाऊक!

बाईनं पिशवीतून मस्टर काढून टेबलावर आपटलं. पंखा बंद पडला. चालू झाला तो उलटा.

"शेवटचं पान. मोठ्यानं वाचा."

सर्व्हेअर वाचू लागला. "संध्याकाळी साडेसहा. मीटर अडतीस हजार चारशे बारा. आज कुठे नेली नाही, नुसतेच तिच्याजवळ उभे होते." त्यानं मान वर केली. "चौदा वर्षांत अडतीस हजार? शक्यच नाही."

"ती दमायची," कवळीवाला खाली बघत पुटपुटला. "कामावर मी बसनं जायचो."

सर्व्हेअर मागची पानं उलटू लागला. "दोन जून. तिला चारही टायर नवे. माझी चप्पल शिवून आणली. अकरा मार्च. सकाळी सहा ते पावणेआठ, तिला आंघोळ. शाम्पू माझा. तीस एप्रिल. तिला नवी बॅटरी, म्हणे आवाज बसलाय. मी गाणं म्हणत होते, तर मला म्हणाले, हळू म्हण." प्रत्येक नोंदीच्या बाजूला त्या खर्चाची पावती चिकटवलेली. बाईनं ती गाडीच्या खणातून काढून पुरावा म्हणून जपली होती, फक्त हा पुरावा कोणत्या कोर्टात द्यायचा ते तिला चौदा वर्षं सुचलं नव्हतं.

"पण बाई, ही घरची वही. कोणीही लिहून आणेल."

"खाली सही बघा."

कवळीवाला वाकला. "ही... ही माझी सही?"

"एकशे अडुसष्ट आहेत. महिन्याला एक."

"मला वाटलं, विजेच्या बिलाची असते!"

तोवर शेजारच्या टेबलावरचे लोक गोळा झाले होते. खालच्या मजल्यावरचे आले, समोरच्या बँकेतले आले, शेवटी जिन्यात रांग लागली. सर्व्हेअरनं घाम पुसला, आकडे बदलले आणि म्हणाला, "नव्वद हजार."

"कोणती गाडी धरून?"

"अशीच. याच वर्षाची."

"दाखवा." बाईनं पडद्याला नाक लावलं. "ही टॅक्सी होती. माझ्या घरच्या राणीला टॅक्सीच्या पंगतीला बसवता?" माझ्या घरची राणी! हे शब्द आपल्याच तोंडून ऐकून ती क्षणभर चपापली, पण थांबली नाही. मस्टरच्या शेवटच्या पानातून तिनं कात्रणांची चळत काढली. नवरा कधीतरी भानावर येईल आणि या बयेला विकून टाकेल, या आशेवर ती तसल्याच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती दर महिन्याला कापून ठेवायची. "या गेल्या महिन्यातल्या तीन. एक लाख साठ हजार, एक लाख पंचावन्न, एक लाख सत्तर. आणि यातल्या एकीलाही रोज आंघोळ नव्हती."

"सव्वा लाख. शेवटचं."

"अजून वाचा."

सर्व्हेअरनं पान उलटलं. "एकोणीस ऑगस्ट. इंजिनात बारीक आवाज येतो म्हणून कामावरून रजा घेऊन दिवसभर तिच्याजवळ. मला एकशे दोन ताप. म्हणाले, गोळी घे."



कवळीवाल्याचा चेहरा त्याच्याच साच्यातल्या मेणासारखा उतरला. "अगं, तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही इंजिनाला कान लावून बसला होता."

 बाईला आता पुढचं वाचून घ्यावंसं वाटेना. चौदा वर्षं हे कोणीतरी मोठ्यानं वाचावं असं तिला वाटत होतं आणि वाचलं गेलं तेव्हा कान झाकून घ्यावेसे वाटले.

सर्व्हेअर मात्र मस्टर सोडेना. त्याचं नाक लाल झालं होतं. "साहेब," तो कवळीवाल्याला म्हणाला, "तुम्ही नशीबवान आहात. तुम्ही कुठे गेलात, किती वाजता आलात, चौदा वर्षं कोणीतरी बघतंय, लिहून ठेवतंय! आमच्या घरी माझी गाडी कोणत्या रंगाची ते विचारा. सांगता येणार नाही. मी आठवडाभर घरी गेलो नाही तरी आमच्या सौभाग्यवती म्हणतील, आज भाजी उरली कशी?" आणि तो हेव्यानं असा रडला की तीन मजल्यांवरच्या फायली भिजल्या. त्या वाळत घालायला कंपनीला दोन दिवस सुट्टी द्यावी लागली.

पण रडता रडता त्यानं आकडे भरले. स्थिती उत्तम, किलोमीटर अडतीस हजार, टॅक्सी बाद, बाईच्या तीन गाड्यांची सरासरी, त्यातून नियमाची थोडी कापाकापी. एक लाख अठ्ठावन्न हजार. कवळीवाल्यानं पेन उचललं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कागद वरपासून खालपर्यंत वाचून मग सही केली.

जिना उतरताना तो म्हणाला, "हे पैसे तुझे. तू भांडून मिळवलेस. गाडी घ्यायची की नाही, तू ठरव."

बाईनं तीन दिवस विचार केला. गाडी नको म्हणावं, तर हा माणूस उंबऱ्यावर बसून रिकाम्या जागेकडे बघत बसणार. म्हणजे गेलेली सवतच घरात कायमची राहणार, आणि गेलेलीशी कोण लढणार? त्यापेक्षा जिवंत बरी. चौथ्या दिवशी ती स्वतः जुन्या गाड्यांच्या बाजारात गेली. चकचकीत असतील त्या तिनं डोळे वटारून मागे सारल्या. शेवटी एका कोपऱ्यात एक सापडली. भांडी धुतलेल्या पाण्याचा रंग, तोंड बटाट्यासारखं, एक दिवा वर बघणारा, एक खाली. विकणारासुद्धा म्हणाला, "बाई, नीट विचार केलात ना?"

"हीच," बाई म्हणाली. "नाव कोणी ठेवायचं नाही."

आणि गंमत ऐका. त्या दिवसापासून बाईच्या मनातला मत्सर जो गेला तो गेला, पुन्हा औषधालाही उरला नाही. आता रविवारी नवरा गाडी पुसायला घेतो, तेव्हा ती वरच्या खिडकीतून हसून म्हणते, "सावकाश पुसा हो. जेवायची घाई नाही. तिचं झालं की मग या..."

"खोटं!" ऐकायला जमलेल्यांतून, मागच्या बाकावरून एक बाई ताडकन उठली. शेजारी बसलेला तिचा नवरा आपल्या बुटांकडे बघू लागला. "इतका वेळ तुम्ही सांगाल ते मुकाट ऐकून घेतलं, आजोबा. पण 'तिचं झालं की मग या' असं कुठलीही बाई म्हणणार नाही. साफ खोटं बोलताय तुम्ही!"