मणकेबाबा आणि अंगदचा पाय

अंगदचा पाय हलला तेव्हा मणकेबाबाच्या शेडमध्ये दोनशे तरी माणसं होती. बाबाने मोरपिसांच्या कुंच्याची दांडी त्याच्या तळव्यावरून ओढली, "ऊठ गं नाडे, ऊठ," असं पुटपुटला, आणि अंगदचा निर्जीव पाय गुडघ्यात वाकून वर आला. बाया रडल्या. अंगदची आई झुंबरबाई बाबापुढे आडवी झाली. माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून बघत होती, खोकत होती, हात जोडत होती.

मी शेजारीच व्हीलचेअरवर होतो. आदल्या गुरुवारी बाबाने माझ्याही तळव्यावर तीच दांडी सात वेळा ओढली होती. माझे पाय पोत्यासारखे पडून राहिले. "वैजनाथच्या मनात संशय हाय," बाबा म्हणाला, आणि सगळी शेड माझ्याकडे बघत राहिली.

मी नागापूरला कारखान्याच्या पत्र्यावरून पडलो, अंगद विहिरीत; दोघांचाही मणका मोडला. चार वर्षं जामखेड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आम्ही दोघंच खुर्चीवर होतो. दुपारी एकमेकांकडे बसायचो. आता त्याच्या दारात पाहुण्यांच्या गाड्या लागायच्या आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. माझी बायको पूजा भाकरी थापताना सांगायची, "आज अंगदभाऊजींचा डावाबी हलला म्हनं." मी ताट बाजूला सारायचो.

जूनमध्ये निकिता आली. ती फिजिओथेरपिस्ट, महिन्यातून एकदा आमचे व्यायाम बघायची.

"पावसाळ्यात फ्लूची साथ येते," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना तो छातीत उतरायची भीती जास्त. डॉक्टरांना विचारलंय. लस दरवर्षी घ्यायची, घरच्यांनीही."

अंगदने नकारार्थी मान हलवली. बाबाने त्याला बजावलं होतं, "सुई टोचली का जागी झालेली नाडी फुटती. तापखोकल्याला माझा दोरा हाय." अंगदच्या मनगटावर काळा दोरा होता.

"मलाबी नको," मी म्हणालो. माझा बाबावर विश्वास नव्हता. पण अंगदला मिळालेलं मला सुईपायी मिळायचं राहून गेलं तर, एवढाच विचार मनात होता.

पुढच्या महिन्यात अंगदला ताप आल्याचं पूजाने सांगितलं. खरं सांगतो, ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग तसाच खुर्ची ढकलत त्याच्याकडे गेलो.

तो उशीला टेकून बसला होता. खोकायला बघायचा, पण तोंडातून नुसती हवा यायची. छातीत कफ घरघरत होता, ओठ निळे पडले होते. झुंबरबाई दुसरा दोरा बांधत होत्या. मी एकशे आठला फोन लावला.

नगरच्या दवाखान्यात तो तीन आठवडे होता. फ्लूचा न्यूमोनिया झाला होता. घरी आला तेव्हा गालफडं बसली होती. इकडे बाबा सांगत होता, "दोऱ्यानं वाचवला त्याला."

निकिताने अंगदला विचारलं, "शेडमध्ये सगळ्यांसमोर एक करून बघू का?" तो हो म्हणाला.

गुरुवारी तिने पर्समधला कंगवा काढला आणि त्याची मूठ अंगदच्या तळव्यावरून ओढली. मंत्र नाही, मोरपीस नाही. पाय वर आला.

"माझीच शक्ती उरलीया त्याच्यात," बाबा म्हणाला.

"असेल," निकिता म्हणाली. तिने अंगदच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. "पाय हलला असं वाटलं की हात वर करा."

तिने कंगवा ओढला. पाय वाकला, हात मांडीवरच राहिला. पुन्हा तेच. मग तिने काहीच केलं नाही. पाय जागचा हलला नाही, आणि अंगदने हात वर केला.

निकिताने ओढणी सोडली.

"कूस बदलतानाबी उडायचा पाय," झुंबरबाई हळू म्हणाल्या. "आमाला वाटायचं, वात हाय."

"मेंदूचा निरोप खाली जात नाही, मावशी. पण दुखापतीच्या खालचा मज्जारज्जू, म्हणजे कण्यातली नसांची दोरी, जिवंत आहे. तळव्याला काही लागलं की तो परस्परच पाय ओढून घेतो."

"मग माझा का न्हाई?" मी विचारलं. तेव्हासुद्धा मला तेच विचारावंसं वाटलं.

"तुमचा मार कंबरेत आहे, दादा. पाय ओढणाऱ्या नसाच तिथं तुटल्या. यांचा मार मानेजवळ, म्हणून पाय उडतो. आणि म्हणूनच छातीपोटाचे स्नायू लुळे पडलेत, जोर लावून खोकता येत नाही. लस सगळ्यात जास्त गरजेची यांनाच."

म्हणजे चार महिने मी त्याच्या जखमेवर जळत होतो.

बाबा म्हणाला, डोळे बांधल्यानं नाडी रुसली. बाया पदर झटकून उठल्या. पुढच्या गुरुवारी शेडला कुलूप होतं.

टेम्पोतून परतताना मी अंगदला सगळं सांगितलं. त्याच्या तापाची बातमी ऐकून बरं वाटलं होतं, तेही.

"मलाबी तुझा हेवा वाटायचा," तो म्हणाला. "तू शिंकायचास तर आमच्या घरापत्तर ऐकू यायचं. मला तसं शिंकता येत न्हाई."

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी, पूजाने आणि झुंबरबाईंनी लस घेतली. लस घेतली म्हणजे फ्लू कधीच होणार नाही असं नाही, हे निकिताने आधीच सांगितलं होतं. पण झालाच तर जिवावर बेतण्याची भीती कमी होते. तिने पूजाला आणि झुंबरबाईंना अंगदच्या बरगड्यांखाली हात ठेवून त्याला खोकायला मदत कशी करायची तेही शिकवलं.

तुमच्या गावात कुणी खुर्चीवर असेल तर त्याच्यासाठी दोरा आणू नका. तुम्हाला सर्दीखोकला झाला असेल तर बरं होईपर्यंत त्याच्या घरी जाऊ नका. त्याला डॉक्टरकडे न्या, लसीचं विचारा आणि तिथंच तुमचाही दंड पुढे करा.